आधी घरचं झाडा म्हणणाऱ्यांना

आमच्या अकोल्याजवळच्या बाळापुरातली एक मुलगी येत्या पावसाळ्यात कोस्टारिकाला चालली आहे. तिथल्या समुद्रकाठी कासवांच्या शिबिरात राहायचं, रात्री वाळूत चालून अंडी घालायला आलेल्या माद्यांची नोंद करायची, आणि रजेचे उरलेले दिवस तो देश बघायचा, असा तिचा बेत आहे. शिबिराचे पैसे तिनं स्वतः भरले आहेत. पुण्यात नोकरी करते. पैसे तिचे, रजाही तिची. पण ही बातमी बसस्टँडसमोरच्या चहाच्या टपरीवर पोचली आणि गावाला एकदम पर्यावरणाची काळजी वाटू लागली. "थे पोरगी पैसे देऊन काम कराले जाऊन राह्यली म्हन्ते! तिले म्हना, आंधी मन नदी साफ कर, मंग जाय कासवं राखाले."

टपरीवरचं बोलणं टपरीवर सोडून दिलं असतं. पण हेच मत शुद्ध मराठीत, जरा जड शब्दांत, शिकलेल्या लोकांकडूनही ऐकू येतं. परदेश प्रवासाला सेवेची झालर लावणं म्हणजे सुखवस्तू माणसाचं ढोंग, संवर्धन करायचं तर आपल्या अंगणापासून करावं, असा त्याचा मथितार्थ. ऐकायला हे इतकं रास्त वाटतं की कोणी उलटून बोलत नाही. मला ते साफ चुकीचं वाटतं. परदेशी स्वयंसेवेच्या नावाखाली चालणाऱ्या भानगडी मला ठाऊक आहेत, पुढे त्यांच्याकडे येतोच. पण 'आधी घरचं झाडा' या वाक्यानं त्यातल्या एकाही भानगडीला धक्का लागत नाही. उलट घरी ज्यांनी काम करायचं, त्यांना हे वाक्य अलगद मोकळं सोडतं.

मन नदीच घेऊ. मन आणि म्हैस या दोन नद्यांच्या संगमावर, उंचवट्यावर आमचा किल्ला उभा आहे. औरंगजेबाचा मुलगा आझमशहा यानं तो बांधायला घेतला आणि 1757 मध्ये एलिचपूरच्या इस्माईलखान नबाबानं पुरा केला. नदीकाठी मिर्झाराजे जयसिंगांच्या नावाची काळ्या दगडाची छत्री आहे. पुरात किल्ल्याला पाणी वेढा घालतं तेव्हा नदी नदीसारखी दिसते. एरवी काठाला वेडी बाभूळ, पात्रात गावाचं सांडपाणी, आणि रेतीसाठी उकरलेले खड्डे. आता सांगा, यातलं काय त्या मुलीनं साफ करायचं? सांडपाणी नदीत सोडण्याआधी शुद्ध करणं हे नगरपालिकेचं काम आहे, कायद्यानं ठरवून दिलेलं. रेतीघाटांवर लक्ष ठेवणं महसूल खात्याचं. हातात पोतं घेऊन प्लास्टिक वेचणाऱ्या पंचवीस मुलांकडून या दोन्हींतलं एकही काम होत नाही. पण 'तू आधी नदी साफ कर' हे एका मुलीला सांगणं सोपं, आणि तेच मुख्याधिकाऱ्यांच्या टेबलासमोर उभं राहून विचारणं अवघड.

मोर्णेचं उदाहरण तर ताजं आहे आणि जवळचंही. जानेवारी 2018 मध्ये अकोल्यात मोर्णा नदीची स्वच्छता मोहीम सुरू झाली. हजारो माणसं नदीत उतरली. विद्यार्थी, डॉक्टर, वकील, भजनी मंडळं, सगळे जलकुंभी ओढून काठावर टाकत होते. दर शनिवारी गर्दी. पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये अकोलेकरांचं नाव घेतलं. त्या गर्दीची मी थट्टा करणार नाही. एवढं मोठं शहर आपल्या नाल्यासारख्या झालेल्या नदीकडे वळून बघतं, हेच मोठं होतं. पण जलकुंभी कशावर वाढते? सांडपाण्यातल्या नत्र आणि स्फुरदावर. उन्हाळ्यात खाद्य मिळालं तर पंधरवड्यात ती दुप्पट होते. वरून ओढून काढायची आणि खालून गटार चालूच ठेवायचं, तर ती परत येणारच, आणि आली. आता हे काम घरचंच होतं ना? परगावचा माणूस नव्हता, विमानाचं तिकीट नव्हतं, झाडू घरचा, नदीही घरची. तरी जे झालं ते पुष्कळसं शनिवारचं पर्यटनच होतं. घरापासून अंतर किती, यावरून काम खरं की खोटं हे ठरत नाही, एवढंच मला म्हणायचं आहे.

नदी राहू द्या, किल्ला तरी झाडा, असं कोणी म्हणेल. जरूर. पण किल्ल्याच्या विटांच्या तटात पिंपळाचं रोप रुजलेलं दिसलं की उत्साही मंडळी काय करतात? हात घालून उपटतात. त्या रोपाची मुळं विटांच्या सांध्यात खोल गेलेली असतात. रोप हातात येतं आणि त्याबरोबर चुन्यासकट दोन विटाही. पुढच्या पावसात त्या खबदाडीत पाणी शिरतं. जाणता माणूस रोप बुंध्याशी कापतो, खुंटावर औषध लावतो, मूळ आतल्या आत वाळू देतो, आणि मग सांधा चुन्यानं भरतो. सिमेंटनं नाही, कारण सिमेंट ओल आत कोंडतं आणि शेजारची वीट फुटते. शिवाय संरक्षित स्मारकाला परवानगीशिवाय हात लावायला 1958 चा कायदा मज्जाव करतो. गडकिल्ल्यांवर सुट्टीच्या दिवशी सिमेंटच्या गोण्या वाहून नेणारे तरुण महाराष्ट्रभर आहेत. त्यांच्या भावनेबद्दल शंका नाही, कामाबद्दल आहे.

आणखी एक घरचं काम आठवतं. 2019 च्या पावसाळ्यात राज्यानं 33 कोटी झाडं लावायचं ठरवलं होतं. गावोगावच्या ई-क्लास, म्हणजे सरकारी गायरान जमिनीवर खड्डे पडले. मागच्या वर्षीच्याच खड्ड्यात यंदाचं रोप, हा विनोद तेव्हा प्रत्येक गावात होता, पण माझा मुद्दा तो नाही. आमच्या अकोला-वाशीम भागातलं गवताळ रान हे मुळात झाडांचं रानच नाही. तिथं तणमोर येतो. पावसाळ्यात नर गवतातून वर उड्या मारतो, मादीला दिसावा म्हणून, आणि त्यासाठी त्याला उघडं रान लागतं. अशा रानात झाडं लावणं म्हणजे त्याचं घर मोडणं. हे आम्हाला कोणी सांगितलं? कारंजा-अकोल्याकडे 'संवेदना' संस्थेचे कौस्तुभ पांढरीपांडे यांच्याबरोबर काम करणाऱ्या फासेपारध्यांनी. पिढ्यान्‌पिढ्या फास लावून हेच पक्षी धरणाऱ्या माणसांना त्यांचा आवाज, त्यांची वाट, त्यांची विष्ठा ओळखता येते. आज तीच माणसं गवत राखतात. गावात राहणाऱ्या प्रत्येकाला हे ज्ञान नव्हतं. घरचा असणं आणि जाणता असणं यांत मैलाचं अंतर असू शकतं. उद्या एखादा डच किंवा जपानी विद्यार्थी येऊन या पारध्यांच्या हाताखाली महिनाभर गवत मोजू लागला, तर तो माझ्या दृष्टीनं, खड्ड्यात रोप खोचून फोटो काढणाऱ्या बाळापूरकराहून जास्त उपयोगाचा.

बाहेरचा माणूस म्हणजे उपरा आणि उपरा म्हणजे निरुपयोगी, हे समीकरण तर आमच्याच सातपुड्यानं खोटं ठरवलं आहे. रानपिंगळ्याची गोष्ट पक्षी बघणाऱ्यांना माहीत असते, इतरांसाठी थोडक्यात सांगतो. 1873 मध्ये ह्यूम या ब्रिटिश पक्षीतज्ज्ञानं वर्णन केलेलं हे छोटं घुबड. 1884 नंतर त्याचा एकही खात्रीचा नमुना नव्हता. मधल्या काळात मायनर्ट्झहागेन नावाच्या ब्रिटिश अधिकाऱ्यानं 1914 मध्ये गुजरातेत तो मिळवल्याची नोंद होती, आणि तिच्या भरवशावर सलीम अलींसारखा माणूसही चुकीच्या ठिकाणी शोधत राहिला. अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संस्थेच्या पामेला रासमुसेन यांनी संग्रहालयातले नमुने तपासून दाखवलं की तो नमुना चोरीचा आहे: जेम्स डेव्हिडसननं खानदेशात मिळवलेल्या जुन्या नमुन्यावर खोटी चिठ्ठी डकवलेली. मग जुन्या खऱ्या ठिकाणांची यादी घेऊन त्या, पक्षीसहली नेणारे बेन किंग आणि हौशी पक्षीनिरीक्षक डेव्हिड अॅबट भारतात आले, आणि नोव्हेंबर 1997 मध्ये शहाद्याजवळ त्यांना तो एका झाडावर बसलेला दिसला. 113 वर्षांनी. ना त्यांना भिलोरी येत होती ना अहिराणी. काही दिवसांचा दौरा, हौस, आणि अभ्यास. दिवसाढवळ्या फांदीवर बसणारा पक्षी आदिवासींनी कधी पाहिलाच नसेल, हे मला पटत नाही. पण 'नामशेष' या शिक्क्यातून त्याला बाहेर काढलं ते या परक्यांनी. पुढे मेळघाटात त्याची चांगली वस्ती सापडली आणि ती मोजण्याचं, राखण्याचं काम इथल्या संशोधकांनी, वनरक्षकांनी आणि कोरकू मजुरांनी केलं. 'आधी तुमच्या अमेरिकेतली घुबडं बघा' असं तेव्हा कोणी म्हटलं नाही, हे आपलं नशीब.

त्याहून जुनं उदाहरण बाबा आमट्यांच्या आनंदवनाचं. 1950 च्या दशकात सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनलचे तरुण देशोदेशींहून वरोऱ्याला आले आणि कुष्ठरुग्णांच्या बरोबरीनं विटा-माती वाहून दवाखान्याच्या इमारती उभ्या केल्या. ज्या काळात गावातली माणसं त्या फाटकातून आत जायला घाबरत, त्या काळात. या संस्थेचा संस्थापक, स्वित्झर्लंडचा प्येर सेरेझोल, 1934 च्या भूकंपानंतर बिहारमध्ये घरं बांधायला आला होता. त्यांच्यातल्या कोणाच्या मनात देश बघायची इच्छा नव्हती? असणारच. प्रवासाचा आनंद आणि कामाचा घाम एकाच माणसाच्या अंगावर असू शकतो. सेवा करताना तोंड सुतकीच असलं पाहिजे हा आपल्याकडचा एक जुना गैरसमज आहे, आणि गाडगेबाबांच्या कीर्तनात लोक किती हसत होते हे ज्यांनी वडीलधाऱ्यांकडून ऐकलं असेल त्यांच्या तरी मनात तो नसावा.

आता भानगडींकडे येतो. थायलंडमध्ये कांचनबुरीला एक बौद्ध मठ होता, व्याघ्रमंदिर म्हणून प्रसिद्ध. अनाथ वाघ सांभाळतो असं सांगून मठ पर्यटकांकडून पैसे घेई, आणि युरोप-ऑस्ट्रेलियातून आलेले स्वयंसेवक महिनोन्‌महिने तिथं राहून बछड्यांना बाटलीनं दूध पाजत. 2016 मध्ये वनखात्यानं धाड घातली. 137 वाघ बाहेर काढले. फ्रीजरमध्ये 40 मेलेले बछडे सापडले, शिवाय कातडी आणि ताईत. आधी नेलेले धरून जप्त केलेल्या एकूण 147 वाघांपैकी 86 वाघ 2019 पर्यंत मेले होते. त्याच त्या रक्तात पैदास होत राहिल्यानं त्यांच्यात रोगाशी झगडायची ताकद उरली नव्हती, असं सरकारी अधिकाऱ्यांचं म्हणणं. दक्षिण आफ्रिकेतला सिंहांचा धंदा याच जातीचा. छावे जन्मून काही दिवस झाले की आईपासून तोडायचे, म्हणजे ती लवकर पुन्हा गाभण राहते. छावे परदेशी स्वयंसेवकांच्या मांडीवर द्यायचे, 'जंगलात सोडण्यासाठी वाढवतोय' म्हणून. माणसाला सरावलेला सिंह जंगलात सोडता येतच नाही. मोठा झाला की तो कुंपणातल्या शिकारीसाठी विकला जातो, नाहीतर हाडांसाठी. अखेर 2021 मध्ये तिथल्या सरकारलाच ही बंदिस्त पैदास थांबवण्याचं धोरण जाहीर करावं लागलं.

दूध पाजणाऱ्या त्या मुलामुलींचा दोष 'घर सोडून दूर गेले' हा होता का? बँकॉकमध्ये राहणारा थाई विद्यार्थी तिथं गेला असता तरी तेच झालं असतं. दोष असा की ते काम त्यांच्यासाठीच तयार केलेलं होतं. स्वयंसेवक येतात म्हणून छावे जन्माला घातले जात होते. पाहुणा आला नसता तर कामच नसतं. मला दिसतं तेवढं, सगळी परीक्षा इथं आहे, आणि 'आधी घरचं' म्हणणारे नेमके तिच्याकडेच बघत नाहीत. माणूस यायच्या आधी ते काम चालू होतं का, तो गेल्यावर चालू राहील का, आणि तिथला निर्णय कोणाच्या हातात आहे, हे विचारा. ही परीक्षा बाळापूरच्या नदीलाही लागू आहे आणि कोस्टारिकाच्या वाळूलाही.

तुलनेला मेळघाटच घ्या. व्याघ्रप्रकल्पाच्या पहिल्या नऊ जंगलांपैकी हे एक. दर बुद्धपौर्णिमेला इथं पाणवठ्यांवरच्या मचाणांवर माणसं रात्र काढतात. पैसे भरून, आधी नाव नोंदवून. मीही बसलो आहे. बरोबर एक कोरकू मजूर होता. मी पाण्यावर डोळे लावून बसलेलो आणि तो मात्र कानानं बघत होता. लांबवर भेकर भुंकलं, त्यानं हनुवटीनं दिशा दाखवली आणि माझ्या टॉर्चवर हात ठेवला. बऱ्याच वेळानं अस्वल आलं, सावकाश पाणी प्यायलं. दोन सांबरमाद्या वर झाडीत ताटकळत उभ्या होत्या. अस्वल गेल्याशिवाय त्या उतरल्या नाहीत. चांदण्यात मी छापील तक्त्यावर वेळ आणि प्राणी लिहीत गेलो, सकाळी कागद जमा केला. त्या कागदावरून मेळघाटातले वाघ ठरत नाहीत. एकच प्राणी दोन पाणवठ्यांवर दोनदा मोजला जातो, कित्येक प्राणी पाण्यावर येतच नाहीत. राजस्थानातल्या सरिस्काचे वाघ संपल्याचं 2005 मध्ये उघड झालं, त्यानंतर देशभर कॅमेरे लावून मोजणी होऊ लागली. वनखातं मचाणावरच्या रात्रीला आता 'निसर्गानुभव' म्हणूनच विकतं, वाघांची शिरगणती म्हणून नाही. हा व्यवहार स्वच्छ आहे. पाहुण्याला रात्र मिळाली, जंगलाचं काही बिघडलं नाही, आणि खरी मोजणी जाणत्यांच्या हाती राहिली.

कोकणात वेळासला तेच. 'सह्याद्री निसर्ग मित्र'नं 2002 पासून गावकऱ्यांबरोबर कासवांची घरटी राखली आणि 2006 पासून कासव महोत्सव भरवला. पर्यटक गावातल्या घरांत उतरतात, आमटी-भात खातात, पहाटे दोरीच्या अलीकडे उभं राहून पिल्लं समुद्राकडे जाताना बघतात. हात लावायचा नाही. घरटी शोधणारा, राखणारा माणूस गावचा, आणि पाहुण्याच्या पैशातून गावाला चार घास जास्त मिळतात. कोस्टारिकातल्या तोर्तुगेरोचं काम याहून पुष्कळ जुनं. आर्ची कार या प्राणिशास्त्रज्ञाच्या पुढाकारानं तिथं 1950 च्या दशकात कासवांना खुणेचे बिल्ले लावायला सुरुवात झाली, 1959 मध्ये त्यासाठी संस्था निघाली, 1975 मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं. एका कासवाची कहाणी कळायला माणसाची अर्धी हयात जाते. म्हणून तिथं रोज रात्री, वर्षानुवर्षं, तोच किनारा चालावा लागतो. त्या चालण्याला शास्त्रज्ञ पुरत नाहीत. वही धरणारे, टेप धरणारे, पावसात न कुरकुरणारे हात लागतात. असे हात पैसे देऊन येत असतील तर त्यात हसण्यासारखं काय आहे?

एक आक्षेप मात्र मी बिनशर्त मान्य करतो: विमानाचा. मुंबई ते मध्य अमेरिका जाऊन-येऊन जेवढा कार्बन डायऑक्साइड एका प्रवाशाच्या वाट्याला येतो, तो सरासरी भारतीय माणसाच्या वर्षभराच्या हिश्श्याहून जास्त भरतो. कासवाच्या अंड्यांतून नर निघणार की मादी हे वाळूच्या तापमानावर ठरतं, आणि वाळू तापवण्यात या उड्डाणाचाही कणभर हात आहे. याला पळवाट नाही. पण हा हिशेब मांडायचा तर सगळ्यांसाठी मांडा. आमच्याच गावातून लग्नानंतर बालीला गेलेली जोडपी आहेत, कंपनीच्या खर्चानं बँकॉक करून आलेले खताचे डीलर आहेत. बँकॉकहून आलेल्या गृहस्थांना टपरीवर डोळे मिचकावून किस्से विचारतात. मन नदीची आठवण तेव्हा कोणालाच येत नाही. ती आठवण एकटी प्रवास करणाऱ्या मुलीच्या वेळीच होते. तेव्हा ही कळकळ नदीची किती आणि पोरगी एकटी चालली याची किती, ते ज्यानं त्यानं तपासावं.

परत आल्यावर तिनं इथं काहीतरी 'केलंच पाहिजे' ही अटही मला मंजूर नाही. शिष्यवृत्तीवर चाललेली नाही, गावानं वर्गणी काढलेली नाही. तिनं येऊन किल्ल्यावर एखादी फेरी काढली तर उत्तम, नाही काढली तरी ती कोणाची देणेकरी होत नाही.

आणि 'पैसे देऊन काम', ज्यावर टपरी इतकी हसली, तो व्यवहार तिनं टपरीहून जास्त बारकाईनं तपासला आहे. तिला आधी दुसऱ्या एका ठिकाणची जाहिरात आली होती, सिंहाचा छावा कडेवर घेतलेल्या मुलीच्या फोटोची. ती तिनं फोटो बघूनच बाजूला टाकली. कासवांच्या शिबिराला तिनं पत्र लिहून विचारलं की ज्या महिन्यांत एकही स्वयंसेवक नसतो तेव्हा किनाऱ्यावर कोण चालतं. उत्तर आलं: गावातली पगारी माणसं, बारा महिने, आणि तुमच्या शुल्कातला मोठा भाग त्यांच्या पगारात जातो. तुम्हाला त्यांच्या मागे चालावं लागेल, पुढे नाही. कासवाला हात लावायचा की नाही हे ते सांगतील. त्यानंतर तिनं पैसे भरले.